घरचाच तर केक!

एक कबुली आधीच देऊन टाकते. गेल्या सात वर्षांत मी केक या विषयावर कमीत कमी सहा लेख लिहिलेत. 'ख्रिसमस स्पेशल', 'व्हॅलेंटाइनला द्या गोड सरप्राइज', 'ओव्हनशिवाय केक : ५ सोप्या टिप्स' वगैरे वगैरे. मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं की पत्रकाराला सगळ्यातलं थोडं थोडं कळलं पाहिजे. मला केकमधलं थोडंसुद्धा कळत नव्हतं. दोन शेफना फोन, चार रेसिपींची मिसळ, आठशे शब्द, डेडलाइनच्या आत मेल... झालं! या सात वर्षांत मी स्वतःच्या हातांनी एकही केक केलेला नव्हता. (कॉफी मगमधला दोन मिनिटांचा मायक्रोवेव्ह केक धरायचा असेल तर एक. तोही खोडरबरासारखा झाला होता.)

हे असंच सुखात चालू राहिलं असतं. पण यंदा मे महिन्यात वहिनीचा उजवा हात संपावर गेला.

आमच्या घरात वहिनी म्हणजे केक आणि केक म्हणजे वहिनी. २०१८ मध्ये ती डोंबिवलीच्या आमच्या घरात आली, तेव्हा ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये होती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच काय काय केलं ते आठवतंय ना? कुणी डाल्गोना कॉफी घुसळली, कुणी गिटार मागवली. त्यातल्या बहुतेक गिटारी आज कपाटावर धूळ खातायत. वहिनीने मात्र एक ओटीजी मागवला आणि ती थांबलीच नाही. चिऊ झाली, चिऊ सहा महिन्यांची असताना नोकरी सुटली, आणि केक वाढतच गेले. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस, मावशीची भिशी, दादाच्या ऑफिसमधल्या कुणाचं प्रमोशन, शेजारच्या काकूंच्या नातीचं बारसं. बारशालासुद्धा केक! पाळणा, घुगऱ्या आणि शेजारी गुलाबी क्रीमची बाहुली.

डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटातल्या शिरेला सूज आहे. चार आठवडे पट्टा. पिळायचं नाही, दाबायचं नाही, जड उचलायचं नाही. "तुम्ही दिवसभर मोबाइल बघता का?" असंही त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "नाही हो, क्रीमची पिशवी दाबते."

आणि नेमका तीन आठवड्यांवर चिऊचा पाचवा वाढदिवस.

चिऊला केक हवा होता लोकलचा. आमच्या गॅलरीतून रूळ दिसतात. पोरगी दूध पीत-पीत गाड्या मोजते. जांभळी-पांढरी लोकल, तीन डबे, पुढे पाटी 'डोंबिवली'. दादा म्हणाला, "अॅपवरून मागवू, हाय काय नाय काय." चिऊने भोकाड पसरलं, "घरचाच पाहिजे! आईचाच!" मी नेमकी त्या रविवारी अंधेरीहून घरी आले होते. वरण-भात-तूप खाऊन मूड चांगला होता. म्हणून गेले, "मी करते ना! वहिनी सांगेल, मी हात चालवीन. मी तर यावर लिहिलंय."

वहिनी काही बोलली नाही. थोड्या वेळाने भांडी आवरताना हळूच म्हणाली, "तुझा तो पाच टिप्सवाला लेख... मी केला होता गं त्यातला केक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी. तुला बरं वाटेल म्हणून."

"मग?"

"टाकला."

तर मंडळी, त्या लेखात मी लिहिलं होतं की बेकिंग पावडर नसेल तर तेवढाच खाण्याचा सोडा घाला. सोडा बेकिंग पावडरच्या तीन-चारपट कडक असतो, आणि त्याला फुलायला दही, ताक, लिंबू असं काहीतरी आंबट लागतं. नाहीतर केक साबणासारखा लागतो. बेकिंग पावडरमध्ये ते आंबट आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ती चमचाभर चालते. आणखी एक मौलिक टिप होती, 'मैदा घातल्यावर मिश्रण भरपूर फेटा, म्हणजे केक हलका होईल'. बरोब्बर उलटं! लोणी-साखर भरपूर फेटायची, त्यात हवा भरायची. मैदा पडला की हात आवरायचा. जास्त फेटलं की मैद्याला पोळीच्या कणकेसारखी चिवटी येते. पोळीला ती हवी असते, केकला नको. हे सगळं वहिनीला सहा वर्षांपूर्वीच माहीत होतं, आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. किती वाचकांनी साबण खाल्ला असेल, देव जाणे. त्या सगळ्यांना इथे जाहीर सॉरी.

आमच्याकडे केक वहिनीच्याही आधीपासून होता म्हणा. माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांच्या घरी होता तो अॅल्युमिनिअमचा गोल ओव्हन आठवतोय? झाकणाला मधोमध काचेची खिडकी, वायर भाजकी, आणि हात लागला की चटका नाहीतर शॉक! आईकडे तो होता. आजीला अंडं चालत नसे, म्हणून तो ओव्हन स्वयंपाकघरात येऊ शकला नाही, गॅलरीतच राहिला. अंडी फोडायची गॅलरीत, फेटायची गॅलरीत आणि टरफलं कागदात गुंडाळून थेट खाली. वाटीच्या मापाचा केक, त्यात टूटीफ्रूटी आणि थोडे काजू. आयसिंग वगैरे लाड नाहीत. ३१ डिसेंबरला अख्ख्या मजल्याला एकेक तुकडा. त्या केकचा रंग कडेला गडद तपकिरी आणि मध्ये पिवळा असायचा, कारण कडेला तो नेहमी थोडा करपायचा. आम्ही भावंडं करपलेल्या कडेसाठी भांडायचो. दिवाळीआधी मात्र आई नानकटाईचं पीठ मळून ट्रे घेऊन भट्टीवर जायची. भट्टीवाला घाणाप्रमाणे पैसे घ्यायचा, भाजण्याचे. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

असो. लोकलकडे वळू.

वाढदिवस रविवारचा. मी शुक्रवारी दुपारी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई असलं तरी आपण म्हणतो क्रॉफर्ड मार्केटच. तिथे आणि आसपास केकच्या सामानाची दुकानं आहेत. आत शिरलं की बाहेर येताना पाकीट हलकं आणि पिशव्या जड. नोझलचेच पन्नास प्रकार. पानाचं, गुलाबाचं, गवताचं, चांदणीचं. वहिनीने व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली होती, ब्रँड आणि ग्रॅमसकट. पांढरा फॉन्डंट दोन किलो (फॉन्डंट म्हणजे लाटता येणारी साखरेची कणीक, पांघरूण घातल्यासारखी केकवर घालतात), जांभळा जेल कलर, डार्क चॉकलेटची लादी, लांब केकबोर्ड, बटर पेपर. मी आपली हुशारी दाखवत लिक्विड रंग स्वस्त म्हणून तो घेतला. घरी आल्यावर कळलं, लिक्विड रंगाने फॉन्डंट चिकट होतो. शनिवारी सकाळी डोंबिवलीत जेल कलर शोधत तीन दुकानं फिरले.

पहिला स्पंज शुक्रवारी रात्री. तीन डबे म्हणजे ब्रेडच्या साच्यात तीन केक. वहिनी खुर्चीवर, पट्टा बांधलेला हात मांडीवर, आणि तोंडाने रनिंग कॉमेंट्री. "अंडी फ्रीजबाहेर काढून तास झाला का? नाही? मग थांब. गार अंडं घातलंस की लोणी फाटतं." "वाटी नको, वजन कर. तुझी वाटी आणि माझी वाटी वेगळी." "एक कप मैद्यातले दोन चमचे काढ, तेवढं कॉर्नफ्लॉवर घाल." "आता बास. बास म्हटलं ना!" ओव्हन १८० डिग्रीला तापवला. वहिनीने आत एक छोटा थर्मामीटर टांगलेला असतो. ओव्हनचं बटण सांगतं एक आणि आतली हवा सांगते दुसरंच. आमच्या ओव्हनमध्ये तब्बल वीस डिग्रीचा फरक निघाला. हे माझ्या सहापैकी एकाही लेखात नव्हतं.

आणि मग मी तेच केलं, जे तुम्हीही कराल. पंधराव्या मिनिटाला दार उघडून बघितलं. फुगलेला केक माझ्या डोळ्यांदेखत मधोमध बसला. आतला सांगाडा अजून पक्का झालेला नसतो. गार हवा लागली की फुग्यातली हवा गेल्यासारखं होतं. वहिनी म्हणाली, "हं. आता दुसरा लाव." रागावली नाही. मला वाटलं होतं हसेल, तीही हसली नाही. म्हणाली, "माझे पहिले अकरा बसले होते."

अकरा? आम्ही तर एकही बघितला नव्हता!

"कोण बघणार? तुम्ही उठायच्या आत मी खाऊन टाकायचे. नाहीतर कुस्करून ट्रायफल."

शनिवारी खरी लढाई. आधी गनाश. म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट वितळवून केलेलं लेपण. त्याचा पातळ थर द्यायचा, चुरा त्यात चिकटून बसतो, तो गार करायचा, मग वरून जाड थर. मी इंटरनेटवर वाचून चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतलं. वहिनी तेव्हा चिऊला अंघोळ घालत होती, एका हाताने. दुपारी दोन वाजता लाइट गेली. बाहेर डोंबिवलीचा मे महिना. फ्रीज उघडायचा नाही, पंखा नाही, आणि माझ्या कपाळावरून घामाचे थेंब... पुढचं सांगत नाही. तासाभरात मधला डबा हळूहळू एका बाजूला कलला. चिऊ शांतपणे म्हणाली, "आत्या, गाडी घसरली."

मी तिथेच फरशीवर बसून रडले. खरंच. २९ वर्षांची बाई, पत्रकार, चॉकलेटने माखलेली, एका केकसाठी रडतेय. डेडलाइन चुकल्यावरसुद्धा मी इतकी कधी रडले नव्हते. कारण डेडलाइन चुकली तर संपादकांना काहीतरी थाप मारता येते. पाच वर्षांच्या मुलीला काय सांगणार?

लाइट साडेचारला आली. वहिनीने डाव्या हाताने गनाश खरवडलं, त्यात चॉकलेट वाढवलं. "उन्हाळ्यात क्रीमच्या दुप्पट चॉकलेट. थंडीत समान चालतं. आणि पांढरं चॉकलेट असेल तर तिप्पट," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडून फॉन्डंट मळून घेतला, लाटून घेतला. तो फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, बाहेर काढल्यावर त्याला दरदरून घाम फुटतो. खिडक्या करड्या, पट्टा जांभळा, चाकं चॉकलेटच्या बिस्किटांची. बारा खिडक्या चौकोनी कापायला मला पाऊण तास लागला. तेराव्या खिडकीला मी विचारलं, "तुला बाबांच्या रेडिओला किती वेळ लागला होता गं?"

बाबांचा रेडिओ म्हणजे २०२३ मधली गोष्ट. बाबांची साठी. दादाने हॉल घेतला, दीडशे पानं, फोटोवाला, गुरुजी, शाल-श्रीफळ. बाबांकडे त्यांच्या वडिलांचा जुना मर्फी रेडिओ आहे, तो बंद आहे पण शोकेसमध्ये असतो. वहिनीने हुबेहूब तसा केक केला. जाळीचं कापडसुद्धा सुईने टोचून टोचून. बाबा त्याच्याकडे बघून एक मिनिट काही बोलू शकले नाहीत. पंगतीपेक्षा फोटो त्या रेडिओचे जास्त निघाले. हा केक सांगितला होता मी. बुधवारी रात्री, एका इव्हेंटमधून बाहेर पडताना, रिक्षातून. "वहिनी, शनिवारसाठी काहीतरी क्लासी कर ना! छोटासाच कर." समारंभाचा खर्च मी आणि दादाने निम्मा-निम्मा वाटला होता. हॉल, केटरर, फोटोवाला, दक्षिणा, फुलं, सगळं एक्सेलमध्ये टाकलं. त्यात केक नव्हता. घरचाच तर होता!

वहिनीने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "वही बघ. पंख्याचं प्रमाणही त्यातच आहे." पंखा म्हणजे लोकलच्या टपावरचा तो विजेची तार पकडणारा सांगाडा. चॉकलेट किती जाड करायचं तेही तिने लिहून ठेवलं होतं.

ती वही रात्री दीडला माझ्या हातात होती. लांबुडकी, अकाउंट्सवाली माणसं वापरतात तशी. पुढून प्रमाणं, आणि मागून हिशेब. तारीख. कुणासाठी. वजन. सामान. तास. आणि शेवटचा रकाना, 'आले'.

रेडिओच्या ओळीत होतं : सामान २,३४०. तास १९. आले —.

पान उलटलं. मावशीची भिशी, सामान ९८०, तास ६, आले —. दादाच्या ऑफिसचा, तास ७, आले —. बाहेरच्या काही ओळींत ६००, ८०० असे आकडे होते, तेही सामानाच्या आसपासच. आणि पुढे माझं नाव. एकदा नाही, नऊ वेळा. माझ्या रूममेटचा वाढदिवस. माझ्या कॉलेज ग्रुपचं रियुनियन. आमच्या एका फीचर्स एडिटरचा फेअरवेल. तो केक तर मी अंधेरीला लोकलमधून मांडीवर नेला होता. बायकांच्या डब्यात सगळ्यांनी 'केक आहे, केक आहे' म्हणत वाट करून दिली होती. आणि तिथे ऑफिसात सगळ्यांनी "सॉलिड आहे, कुठून आणलास?" विचारल्यावर मी म्हणाले होते, "अगं, घरचाच!" टाळ्या मी घेतल्या होत्या. आले —.

आता यातली खरी गंमत सांगते. मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे माझं अर्धं आयुष्य लोकांना 'फुकट काम करत नाही' हे गोड शब्दांत सांगण्यात जातं. "बजेट नाहीये, पण एक्स्पोजर चांगलं मिळेल." "छोटंसंच लिहायचंय गं, तुला काय अर्ध्या तासाचं काम!" "आपल्यातलीच आहेस म्हणून हक्काने सांगतोय." ही वाक्यं मला पाठ आहेत. बिल पाठवायचं, पंचेचाळीस दिवस वाट बघायची, मग रिमाइंडर, मग त्या रिमाइंडरची आठवण. याच विषयावर मी एकदा चांगला झणझणीत स्टेटस टाकला होता, 'माझी कला म्हणजे तुमची धर्मशाळा नाही' अशा काहीशा थाटाचा. वहिनीने त्याला अंगठा दाखवला होता. तारीख काढून बघितली. बाबांच्या साठीच्या आधीचा सोमवार.

बुधवारी मी तिला रिक्षातून म्हणाले होते, 'छोटासाच कर'.

वहिनी चहा घेऊन आली. एका कपात, दोघींत. डाव्या हाताने आणल्यामुळे अर्धा बशीत.

"तू कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"कुणाला? आईंना? काय सांगू, बाबांच्या साठीच्या केकचे पैसे द्या?"

"मला तरी."

"तू विचारलंस कधी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात वर्षांत माणसांना प्रश्न विचारूनच पोट भरलं मी.

मग ती म्हणाली, "बाबांचा केक मला करायचाच होता. त्याचे तू पैसे दिले असतेस ना, तर मला राग आला असता. चिऊचा पण. पण सामानाचं काय, रात्री जागलीस का, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि तुझ्या रूममेटचा केक घरचा कसा गं? मी तिला ओळखतसुद्धा नाही."

"मग हे लिहून का ठेवतेस?"

"सवय. हिशेब लागला नाही की मला झोप येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, आता निवांत केक करशील. निवांत! मला बघायचं होतं, किती निवांत आहे ते."

मी मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे तिला दहा हजार रुपये पाठवले. अपराधी माणूस असलाच फिल्मी प्रकार करतो. तिने मोबाइल बघितला, आणि तेवढेच्या तेवढे परत पाठवले. "रात्री दोनला असले व्यवहार करायचे नसतात. खिडक्या चिकटव."

रविवारी लोकल तयार होती. जवळून बघितली तर जांभळा पट्टा एका बाजूला थोडा फाटला होता, आणि शेवटच्या डब्याच्या खिडक्या एका ओळीत नव्हत्या. पण पुढची पाटी 'डोंबिवली' झकास होती. ती वहिनीने डाव्या हाताने लिहिली. चिऊने कमरेवर हात ठेवून पाहणी केली. "दारं कुठेत?" मी म्हटलं, "लोकलला दारं कुठे असतात?" "एसी लोकलला असतात," ती म्हणाली. हिच्यापुढे सगळे एडिटर फिके.

आईने आधी औक्षण केलं. मेणबत्त्या फुंकायच्या नाहीत हा आमच्याकडचा नियम, वाढदिवसाला दिवा विझवायचा नाही म्हणून. त्या नुसत्याच लावतात, आणि नंतर कुणीतरी गुपचूप बाजूला नेतं. केक कापायची वेळ आली तशी चिऊने पुन्हा भोकाड पसरलं, गाडी कापायची नाही! शेवटी तोडगा निघाला. शेवटचा डबा 'कारशेडला' जाईल. तो कापला. उरलेली लोकल बुधवारपर्यंत चालली. बुधवारी तिचंही इंजिन आम्ही चहाबरोबर संपवलं.

पार्टीत ठाण्याची मावशी तोंडभर केक घेऊन म्हणाली, "वा! आता घरात दोन-दोन कलाकार! येत्या गुरुवारच्या भिशीला असाच एक आण हं, छोटासाच." दोन दिवस पाय मोडेपर्यंत उभी राहिलेली मी, हाताला चटक्याचे दोन डाग, मनगटात कळ... माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, सामान सोळाशेचं आहे आणि चौदा तास लागले. छोट्याचे किती देशील?"

खोलीत एकदम शांतता. मावशी हसली, पण ते हसणं मी ओळखते. दादा म्हणाला, "काय हे, पाहुण्यांसमोर." त्या गुरुवारी मावशीने केक दुकानातून आणला, आणि आईला फोन करून सांगितलंही, की दुकानातून आणला.

आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. तिसऱ्या दिवशी मी अंधेरीला निघताना, डब्यात चकली भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या गोल ओव्हनच्या वेळी, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला ऑफिससाठी वीस केक करून मागितले होते. पैसे देऊन. ह्यांना बरं वाटलं नाही. म्हणाले, आपण काय केक विकणार?" डब्याचं झाकण लावलं. "मलाही तेव्हा वाटलं, खरंच की." एवढंच बोलली. वहिनीने भाव ठरवावा की नाही, यावर तिचं मत मला आजही नक्की माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात तिने वहिनीला एक डिजिटल वजनकाटा आणून दिला. जुना 'थोडा चुकतो' म्हणून.

वहिनीचा पट्टा जूनमध्ये निघाला. सलग दोन तासांवर पायपिंग करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिने एक रेटकार्ड केलंय. मी लिहून देते म्हटलं तर म्हणाली, "नको, तुझ्या टिप्स माहितीयेत." साधं, एका पानाचं. घरातल्या माणसांच्या वाढदिवसाला पैसे नाहीत. बाकी सगळ्यांना सामान अधिक तास. चार दिवस आधी सांगायचं. अर्धी रक्कम आगाऊ. दादाने ते वाचून डोकं खाजवलं आणि विचारलं, "माझ्या ऑफिसवाल्यांना हे कसं सांगू?" वहिनी म्हणाली, "फॉरवर्ड कर."

मागच्या गुरुवारी माझ्या नव्या रूममेटचा वाढदिवस जवळ आला. मी नीट, सभ्यपणे मेसेज टाकला : पुढच्या मंगळवारी एक किलोचा केक हवाय, चॉकलेट, नाव लिहायचं. उत्तर आलं : १,४५०. आगाऊ ७२५.

मी काय केलं असेल? सांगायला लाज वाटते, पण बोटं आपोआप चालली.

"फॅमिली डिस्काउंट? ;)"

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. नऊला नाही, दहाला नाही. साडेअकराला मी मुकाट्याने ७२५ पाठवले.

दोन मिनिटांत मेसेज आला. "नावाचं स्पेलिंग पाठव."